काळं पिल्लू कोणाचं

बोकड घरी आला त्या दिवशी मी त्याचं डोकं साबणाने धुतलं. अंग पांढरं, मानेपासून वर मात्र विटेसारखा लाल, कान खाली लोंबणारे. नवऱ्याने तो मोबाइलवरचे फोटो पाहून जिल्ह्याबाहेरच्या एका फार्मवरून आणला होता. विकणाऱ्याने सांगितलं होतं की याच्यात बोअरचं रक्त आहे, मटणाची जात आहे, याची पिल्लं बघता बघता भरतात. मला यातल्या एकाही गोष्टीची खात्री नव्हती. बाजारात बैलाच्या शिंगांना तेल चोळून त्याचं वय लपवणारे लोक मी पाहिले आहेत. पांढऱ्या बोकडाला मेंदी लावायला असा किती वेळ लागतो?

म्हणून बादलीभर कोमट पाणी घेतलं, कपड्यांचा साबण घेतला आणि त्याचं डोकं दोन्ही हातांनी खसाखसा घासलं. पाण्यात नुसती धूळ उतरली. नवरा जनावरांच्या कोठ्याच्या दारात उभा राहून बघत होता.

"झालं समाधान?" तो म्हणाला.

"वाळू दे, मग सांगते."

वाळल्यावरही डोकं लालच होतं. तरी पुढचे काही दिवस मी येता-जाता त्याच्या केसांची मुळं बघत होते.

आमचं गाव ढाणकीच्या बाजूला. नाल्याच्या अलीकडे आम्ही पऱ्हाटी-सोयाबीनवाले, पलीकडे बंजाऱ्यांचा तांडा. बकऱ्या दोन्हीकडे. आमच्याकडच्या बकऱ्या म्हणजे लहानखुऱ्या, काळ्या, काटक, कुठेही चरून येणाऱ्या आणि कपभर दूध देणाऱ्या. तांड्यात मात्र एका म्हातारीकडे उंच, लांब कानांच्या, पोपटासारख्या नाकाच्या दोन बकऱ्या होत्या. तिच्या भावाने कधीकाळी कुठूनशी जमनापारी रक्ताची एक पाठ, म्हणजे न व्यालेली तरुण बकरी, आणून दिली होती, त्या वेलीतल्या या. तांब्याभर दूध सहज. पण त्यांची पिल्लं नुसती पायांनी वाढायची. खाटीक यायचा, पाठीवरून हात फिरवायचा, हाडं मोजल्यासारखं करायचा आणि पुढे जायचा.

माझ्या डोक्यात गणित साधं होतं. आई दुधाची असली की पिल्लू पोटभर पिणार. बाप मटणाचा असला की ते प्यालेलं अंगावर धरणार. मला आमच्या कोठ्यात अशी एक पाठ हवी होती, जिच्यात दोन्ही असेल. त्यासाठी म्हातारीची बकरी आमच्या बोकडाकडे यायला हवी होती, आणि ते काही सोपं नव्हतं.

म्हातारीला सगळे याडी म्हणायचे. तांड्यात आईला याडी म्हणतात, म्हणून मीही तेच म्हणायचे. बारीक अंगाची, तोंडाने तिखट, दुकानदाराने साखर तोलताना काट्यावर डोळा ठेवणारी बाई. माझ्यासारखीच, असं माझा नवरा म्हणायचा. गावात तोवर आमच्या बोकडाबद्दल नाही नाही ते पसरलं होतं. कोणी म्हणे हा इंजेक्शनवर वाढवलेला आहे, कोणी म्हणे डुकराचं रक्त घातलं आहे, याच्या पिल्लाचं मटण खाल्लं की अंगाला खाज सुटते. याडीने ते सगळं ऐकलं होतं. तरी ती एक दिवस बोकड बघायला आली. त्याचा ओठ उचलून दात बघितले, खूर बघितले, शेपटी उचलून बघितली.

"खाते काय?"

"तुरीचं कुटार, बाभळीच्या शेंगा, थोडी सरकीची ढेप."

"अन् रात्री काय देते?"

"रात्री झोपतो तो, याडी."

ती हसली नाही. तिने अट घातली. बकरी आणेन तेव्हा मी स्वतः समोर बसेन. त्या दिवशी कोठ्यात दुसरा बोकड दिसला नाही पाहिजे. मोबदला म्हणून पहिली पाठ झाली तर तुझी, बोकड झाला तर माझा. मी हो म्हटलं.

कापसाच्या पहिल्या वेचणीच्या दिवसांत तिची मोठी बकरी माजावर आली. सकाळीच याडी आणि तिचा म्हातारा तिला घेऊन आले. म्हाताऱ्याला मी बाबा म्हणायचे. तो फार कमी बोलायचा. बकरीच्या पाठीवर हात ठेवून तो आमच्या बोकडाकडे बघत राहिला होता, ते मला आठवतं. मला वाटलं, जनावर आवडलं असेल. याडी कोठ्याच्या उंबऱ्याशी फतकल मारून बसली. काम होईपर्यंत तिने पापणी हलवली नाही. मग गुडघ्याची गोळी आणायला ती तशीच दवाखान्याकडे गेली, आणि बाबा बकरीचं दावं धरून एकटेच नाल्याच्या वाटेने तांड्याकडे निघाले.

होळी होऊन गेली. रंगाचे डाग अजून अंगणात होते तेव्हा एका सकाळी याडी दारात उभी राहिली. पदराखाली काहीतरी धरलेलं होतं. तिने ते काढून माझ्यासमोर जमिनीवर ठेवलं. काल-परवाच जन्मलेलं पिल्लू. कोळशासारखं काळं, कान आखूड आणि ताठ, पुढच्या एका गुडघ्यावर पांढरा ठिपका.

"ठरलं होतं ना, पाठ तुही. घे."

मी पिल्लाकडे बघितलं, मग तिच्याकडे. "हे कुठून आलं?"

"थेच तर इचारून राह्यली मी. जोडी झाली. एक लाल डोक्याचं, तुह्या बोकडासारखं. अन् हे. बोकड बदलला तू."

"याडी, तू समोर बसली होतीस."

"बसली होती म्हनूनच सांगते. आधी कोनता घातला होता तू, मी यायच्या आधी?"

माझी सासू, शेजारची बाई, रस्त्यावरून जाणारे दोघे-तिघे, सगळे थांबले. मी काय बोलले ते मला नीट आठवत नाही. आवाज चढला असणार. याडी काही ऐकायला थांबली नाही. पिल्लू तिथेच टाकून ती वळली, आणि नाल्यापर्यंत जाताना भेटेल त्याला सांगत गेली की बोकडवाल्या बाईनं दगा केला.

पिल्लू दिवसभर आमच्या अंगणात ओरडत राहिलं. मी बोटाला आमच्या बकरीचं दूध लावून त्याला चाटवलं. दिवस कलल्यावर बाबा आले. पिल्लू उचललं, उपरण्यात गुंडाळलं, त्याच्या डोक्यावर गाल टेकवला आणि गेले. मला वाटलं, भूतदया.

त्यानंतर आमच्या कोठ्याकडे कोणी फिरकेना. बोकडाकडे बकऱ्या आणायचं ज्यांनी ठरवलं होतं, त्यांनी काही ना काही कारणं सांगितली. एकीची बकरी माजावर आलीच नाही म्हणे, पण दुसऱ्याच दिवशी तीच बकरी मी खालच्या आळीतल्या बोकडापाशी पाहिली. दळण आणायला गेले की बायका बोलता बोलता थांबायच्या. मी काही तोलून-मापून देत नव्हते, पण मला दुकानदारासारखं वाटायला लागलं, ज्याचा काटा खोटा निघाला आहे.

नवऱ्याला आधी विकणाऱ्याचा संशय आला. बोकडाच्याच रक्तात काळं असेल तर पिल्लू काळं होणारच, मग त्याने आपल्याला भेसळ दिली. त्याने फोन लावला. तिकडून उत्तर आलं, फोटोत जे दिसलं तेच दिलं, आणि फोन कट झाला. नंतर नवरा जेवता जेवता सहज विचारल्यासारखा म्हणाला, "त्या दिवशी सकाळी मी वावरात होतो. तू नक्की हाच सोडला होता ना?"

मी ताट पुढे सरकवलं आणि उठले. बाहेरच्यांचं मला इतकं लागलं नव्हतं.

मग मीही बघायला लागले, सगळ्यांकडे. पहिला संशय मला आमच्याच शेजाऱ्याचा आला, कारण बोकड आल्यापासून त्याची बायको माझ्याशी गोड बोलत होती. पण त्यांच्याकडे काळा बोकडच नव्हता. गावात आणि तांड्यात मिळून काळे बोकड किती, कोणाचे कान आखूड, कोणाच्या गुडघ्यावर ठिपका, हे मी मनात घोळवत होते. आणि एका दुपारी नाल्यावर धुणं घेऊन गेले तेव्हा तो मला दिसला. तांड्यातल्या कोणीतरी देवीला सोडलेला नवसाचा बोकड. त्याला दावं नाही, मालक नाही. नाल्याच्या काठाने कोणाचीही भाजी खात फिरायचा आणि त्याला कोणी मारायचं नाही. कोळशासारखा काळा, ताठ कान. मी धुणं तसंच ठेवून त्याच्या मागे मागे गेले. पाणी प्यायला वाकला तेव्हा त्याचा पुढचा गुडघा दिसला. पांढरा ठिपका.

बाप सापडला होता. पण घरी नेल्यावर बकरी खुंट्यावरून सुटलीच नव्हती, असं याडी शपथेवर सांगत होती.

पुढच्या आठवड्यात जनावरांच्या लसीकरणाला डॉक्टर मॅडम आल्या. मी त्यांना बाजूला घेऊन विचारलं. त्या म्हणाल्या, त्यात नवल नाही, एकाच माजात बकरी दोन बोकडांना लागली तर जोडीतली पिल्लं दोन बापांची होऊ शकतात. मी त्यांना हात जोडून तांड्यात नेलं. त्यांनी याडीला तेच समजावलं. याडीने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "एका पोटात दोन बापाचे? माही बकरी तशी नाही, बाई." मॅडमना हसू आवरेना. मला हसू आलं नाही. याडी बोलत असताना बाबा खाली बघून दोरी वळत होते, आणि वळलेलीच दोरी पुन्हा उलगडत होते. ते मी पाहिलं.

ढाणकीच्या बाजारात बाबा मला एकटे भेटले. गुळाच्या दुकानापाशी उभे होते. मला बघून त्यांनी तोंड फिरवलं आणि मग पुन्हा वळले.

"चाय घेशीन?"

हॉटेलच्या बाकावर बसलो. बराच वेळ ते बशीतला चहा फुंकत राहिले.

"मीच नेलती तिले नाल्यावर," ते म्हणाले.

मी कप बाकावर ठेवला.

"तुह्या बोकडाचं डोस्कं पाह्यलं मी. केवढं डोस्कं थे. आमच्याकडं एक बकरी होती मांगं. बाहेरचा मोठा बोकड लागला होता तिले. पिल्लाचं डोस्कं अडकलं. माह्या हातात गेली थे. पिल्लू बी गेलं." त्यांनी बशी खाली ठेवली. "ह्या मोठीच्या दुधावर माहं पोट चालते, पोरी. दुसरं काही पचत नाही मले. थे गेली असती तं?"

"मग आधीच नको म्हणून का सांगितलं नाही?"

"तुह्या याडीले?" ते एवढंच म्हणाले.

"पण नवसाच्या बोकडाकडे नेऊन काय होणार होतं?"

"आमचा बाप सांगे, दुसरं बी पडलं की पह्यलं जिरते. मले वाटलं, लहान बोकडाचं लहान पिल्लू होईन, सुखानं सुटन बकरी. मले काय मालूम दोन्ही रूजते म्हनून."

खरं सांगायचं तर मला तिथेही संशय आला. वाटलं, हा माणूस दुसऱ्या कोणाला वाचवायला स्वतःवर घेतो आहे. सून असेल, नातू असेल. मी दोन-तीन उलटेसुलटे प्रश्न विचारले. नाल्यावर कुठे, कोणत्या झाडाखाली, किती वेळ. त्यांनी सगळं सरळ सांगितलं, आणि सांगताना त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. मग माझी खात्री पटली.

"बाबा, हे तुम्ही याडीला सांगा. माझं गावात नाव गेलं आहे."

"सांगतो. पन तू नको सांगजो. मीच सांगतो."

मी वाट पाहिली. पऱ्हाटीची लागवड झाली, निंदण झालं. बाबा रस्त्यात दिसले की दुसऱ्या पायवाटेला लागायचे. शेवटी मीच नाला ओलांडून गेले. याडी मोठी बकरी पिळत होती. काळी पाठ बाजूच्या खुंट्याला होती, चांगली वाढली होती. लाल डोक्याचा बोकड दुसऱ्या खुंट्याला. त्याचं अंग बघून कोणीही सांगितलं असतं की बाप कोण. वयाच्या मानाने दुप्पट रुंद.

मी वेळ लावला नाही. बाजारात बाबा जे बोलले ते जसंच्या तसं सांगितलं. याडीचे हात थांबले नाहीत. दुधाची धार तांब्यात पडत राहिली.

"मले माहीत हाय," ती म्हणाली.

"काय माहीत आहे?"

"त्यानंच नेली होती. पिल्लं झाली तवाच समजलं. हा मानूस आयुष्यात वल्ल्या पिल्लाले हात लावत नाही. अन् त्या दिवशी लाल्याले सोडून काळीले पह्यले उचललं. रडून राह्यला होता."

"मग माझ्या अंगणात येऊन का ओरडलीस? माझं नाव का घेतलंस?"

तिने तांब्या बाजूला ठेवला, हात पुसले. पहिल्यांदाच माझ्याकडे नीट बघितलं. "तांड्यात सांगू काय, माह्या मानसानं मले फसवलं म्हनून? घरच्यावर बोट ठेवता येत नाही, पोरी. तू नाल्याच्या अलीकडची. मले वाटलं, दोन दिवस बोलतीन लोकं अन् इसरतीन."

"विसरले नाहीत."

"नाही इसरले," ती म्हणाली.

मी निघून आले. तिला माझ्यावर कधी संशयच नव्हता, आणि तेच मला जास्त टोचत होतं. संशय असता तर मी समजू शकले असते. संशय कसा येतो ते मला माहीत आहे, तो अंगातच असतो. पण ठाऊक असून दुसऱ्याच्या अंगावर टाकायचं, हे माझ्या हिशोबात बसेना. घरी नवऱ्याला सांगितलं. त्याने हातातला मोबाइल खाली ठेवला. मग म्हणाला, "मीही विचारलं होतं तुला. विचारायला नको होतं." मी भाकरी थापत राहिले. आमच्यात त्यावर पुन्हा कधी बोलणं झालं नाही.

पाऊस सरला, सोयाबीन निघालं. ढाणकीच्या बाजाराच्या दिवशी सकाळी आमच्या फाट्यावर ऑटोची वाट बघत दोन्हीकडची माणसं उभी असतात. त्या गर्दीतून याडी तिची धाकटी बकरी घेऊन आली. जवळची नाल्याची वाट सोडून, मुद्दाम डांबरी रस्त्याने. मागे बाबा. पानठेल्यापाशी कोणीतरी विचारलं, कुठे चाललीस याडी?

"बोकडवाल्या बाईकडं," ती सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली. "तिच्या बोकडाची जात चोख हाय. काळं पिल्लू आमच्याच चुकीनं झालं होतं. आमच्याच घरच्या."

बाबा तिच्या मागे खाली मान घालून उभे होते. लोक त्यांच्याकडे बघायला लागले. मी तेव्हा घरी चूल सारवत होते; फाट्यावरचं हे सगळं मला नंतर शेजारणीने सांगितलं. पण याडी दारात आली तेव्हा तिच्या चेहऱ्यावरून मला काहीतरी झालं आहे एवढं कळलं.

मी तिला ये म्हटलं, आणि आधी जाऊन शेजारच्या दोघींना बोलावून आणलं. कोठ्याचं दार त्यांच्यासमोर उघडलं. बोकड त्यांच्यासमोर सोडला. साक्षीदार कशाला ते याडीला समजलं. काम झाल्यावर बाबांनी दाव्याला हात घातला, तशी तिने तो हात बाजूला केला आणि बकरी स्वतः धरून नेली. यावेळी डांबरी रस्त्यानेच.

धाकटी व्याली तेव्हा मी तिथे होते. डॉक्टर मॅडमना आधीच सांगून ठेवलं होतं. डोकं खरंच मोठं होतं, आणि बाबांची भीती काही खोटी नव्हती. मॅडमनी तेल लावून, वेळ घेऊन ते सोडवलं. बाबा तेवढा वेळ घराच्या मागे जाऊन बसले होते. दोन्ही पिल्लं लाल डोक्याची. त्यातली पाठ दूध सुटल्यावर ठरल्याप्रमाणे माझ्याकडे आली.

लाल्या पुढच्या बकरी ईदला गेला. घ्यायला आलेला माणूस त्याला उचलायला वाकला आणि नुसतं "बाप रे" म्हणाला. काळी पाठ याडीकडेच राहिली. तिने आईचं दूध आणि बापाचा काटकपणा दोन्ही घेतलं. ढेपही लागत नाही तिला. बाबा तिच्याच मागे रानात जातात. त्यामुळे गावात दोन मतं पडली आहेत. अर्धे म्हणतात लाल डोक्याचा संकर चांगला, अर्धे म्हणतात त्यापेक्षा नवसाचा बोकड बरा होता, फुकटचा होता. माझी पाठ अंगाने भरली, पण पहिल्या पावसाळ्यात तिचे खूर सडले, औषध घालून घालून मी कंटाळले. आता ती व्याली आहे. तिच्या आईइतकं दूध नाही, आमच्या जुन्या बकऱ्यांपेक्षा बरंच जास्त आहे. माझं गणित अर्धं बरोबर आलं असं म्हणता येईल. नवरा हल्ली मोबाइलवर दुसऱ्या कुठल्यातरी जातीचे फोटो बघतो आहे. मी त्याला म्हटलं, आण, पण आधी मी येईन बघायला.

परवा याडी आमच्याकडे आली होती. मी चहा ठेवला. ती म्हणाली, "दूध कोनाचं?"

"माझ्या पाठीचं. तुझ्या धाकटीच्या लेकीचं."

तिने कप हातात घेतला, आत बघितलं, नाकाशी नेला, मग प्यायली. धाकटीच्या पोटात पुन्हा काय आहे, डॉक्टर मॅडम कधी येणार, अशा गोष्टी बोलत राहिली. शेवटचा घोट तिने कपात तसाच ठेवला. का ठेवला, ते मी विचारलं नाही. ती गेल्यावर मात्र मी कप उचलून तो घोट पिऊन पाहिला. चांगला होता.